सूरजबाईंचा गाल
जळगावच्या कापड दुकानदार गौतमचंदांच्या पत्नी सूरजबाई यांचा डावा गाल दोन-तीन वर्षांपासून सारखा उडायचा. गाल उडाला की ओठाचा कोपरा वर ओढला जाई आणि बाई हसताहेत असंच समोरच्याला वाटे. कुणाकडे सांत्वनाला जायचं तर त्या तोंडावर पदर धरूनच बसत.

धुळ्याचे एक डॉक्टर चिनी पद्धतीने सुया टोचून असे आजार बरे करतात असं कळलं, तेव्हा त्या हट्टाने नवऱ्याला घेऊन तिथे गेल्या.

दवाखान्यात गौतमचंद कुरकुरले, "बासष्टला आपण चीनशी लढलो, अन् तू त्यांच्याच सुया टोचून घेणार?"

"सुया मुंबईच्या आहेत, शेटजी. विद्या तेवढी चिनी," डॉक्टर म्हणाले.

केसासारख्या बारीक सुया गालावर अन् हातावर टोचल्या गेल्या. दर आठवड्याला धुळ्याची फेरी होऊ लागली. उन्हाळा सरता सरता गाल जवळजवळ शांत झाला.

एका दुपारी जेवताना गौतमचंदांनी दुकानातला एक विनोद रंगवून सांगितला. सूरजबाई मुकाट्याने फुलका वाढत राहिल्या.

"अगं, हसली नाहीस? एरवी तर हसायचीस!"

"अहो, तो गाल उडायचा."

गौतमचंदांचा घास हातातच राहिला. त्यांचं ते तोंड बघून मात्र सूरजबाईंना हसू आवरेना.