गुरूची गाज

लग्नानंतर नवऱ्याने तिला गच्चीवर नेलं ते चांदणं दाखवायला नव्हे, दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारा दाखवायला. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे मुके रेडिओ बोलते करायचा आणि पहाटे स्वतःच्या रेडिओवर गुरू ग्रह ऐकत बसायचा.

"आपल्या ध्रुवांवर रंगीत उजेडाचे पडदे हलतात ना, तसा ध्रुवीय प्रकाश गुरूवरही असतो. केवढा तरी मोठा! इथून डोळ्यांना दिसायचा नाही. पण गुरूचा एक चंद्र फिरता फिरता तिथे वीज खेळवतो, तिची गाज इथवर येते. ऐक तरी!"

"अहो, न्हाणीतला नळ गळतोय, त्याची गाज ऐका आधी," म्हणत ती जिना उतरायची. खाली शिवणाचा ढीग पडलेला असायचा, हे खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिला त्या खरखरीचा हेवा वाटायचा. 'माझी सवत' म्हणायची ती तिला. तोही हसायचा. पुढे पुढे तिला वर बोलवायचंच त्याने सोडलं.

मग त्याचे कान गेले. आधी एक, मागोमाग दुसरा. यंत्रं लावून पाहिली, पण पालथ्या घड्यावर पाणी. दुकान बंद झालं. तरी पहाटे तो रेडिओपुढे बसायचाच, आवाजाबरोबर हलणारा काटा नुसता बघत.

एकदा ती चहा घेऊन वर गेली, तर काटा थयथय नाचत होता. तिने कप ठेवला, शेजारी बसली आणि आवाज मोठा केला. आत समुद्र फुटत होता. लाटेवर लाट, आणि मध्येच पत्र्यावर गारा पडाव्यात तशी तडतड.

"कसं येतंय?" त्याने विचारलं.

सांगून ऐकू जाणार नव्हतं. तिने त्याचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यावर लाटा ओढल्या. तडतड आली की बोटं वाजवली. त्याने डोळे मिटले.

"चंद्र जागेवर आलाय," तो म्हणाला. "अस्संच यायचं." मग रागाने नव्हे, सहज विचारावं तसं, "तेव्हा का गं नाही आलीस कधी?"

काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं. ओठ वाचायला त्याने डोळे उघडलेच नाहीत. आवाज विरेपर्यंत ती त्याच्या हातावर लाटा काढत राहिली.