पाचवा दगड

आमचा आमदार सोपानराव. त्यानं बासष्ट साली दिघीखालच्या ओढ्यावर पूल बांधायचा म्हणून पायाचा दगड बसवला. चांगला हातभर रुंद, वर त्याचं नाव कोरल्यालं. नारळ फोडला, निवडून आला. पूल काय आला न्हाई. सदुसष्टला दुसरा दगड, बहात्तरला तिसरा, अठ्ठ्याहत्तरला चौथा. मुडदा बशिवला त्या पुलाचा!

आमच्या वस्तीतले बाप्येबी कमी न्हाईत. त्याची मोटार वळली की पहारी लावून दगड ओढ्यात ढकलायचे. नाव खाली, पाठ वर. माणूस कसाबी असू दे, त्याच्या नावावर पाय द्यायचा न्हाई, ही आमची रीत. चार दगडांनी ओढा जवळजवळ पार झाला. फक्त आमच्या काठाला एका दगडाची जागा ऱ्हायली, आन् पावसात तिथंच कमरेएवढं पाणी.

ऐंशी साली माझ्या कस्तुराला ओढ्यापल्याड भोसरीच्या कंपनीत काम लागलं. वस्तीतली पहिली पोरगी! सहा महिन्यांत तीनदा उशीर झाला की घरी बसा, असं साहेबानं बजावल्यालं. आन् ओल्या लुगड्यानं मशीनपाशी उभं करत न्हाईत. पण निवडणूक लागली आन् माझा जीव भांड्यात पडला. म्हणलं, पाचवा दगड आला! घरोघर फिरून त्याच्यासाठी मतं मागितली. जीभ झडली न्हाई हेच नवल.

सभेला ट्रकातनं दगड आला, नारळ आला. सोपानराव माईकपुढं उभा ऱ्हायला आन् रडायलाच लागला की वो!

"अठरा वर्षं मी तुम्हाला फसवलं. आता दगड बसवणार नाही. बांधीन तर पूलच!"

टाळ्या पडल्या. मी उठून वरडले, "सायेब, पूल नगं! दगड तेवढा ठिवून जा!"

त्याला वाटलं, बाईला गहिवर आला. माझ्या पाया पडला आन् दगड परत घिऊन गेला. अठरा वर्षं खोटं बोलला तवा आमचं भागलं. मेल्याला खरं बोलायला ह्योच मुहूर्त घावला!

निवडून आला. पाऊस आला. पूल न्हाई.

मग रोज सकाळी सहाला मी पाण्यात वाकून उभी ऱ्हायची, हात चौथ्या दगडावर टेकून. पहिल्या दिवशी कस्तुरा काठावर नुसती हुंदके देत हुती. आईच्या पाठीवर पाय कसा द्यायचा म्हणून.

म्हणलं, "दे गं बाई. माझं काय नाव कोरलंय व्हय तिथं?"

दिवाळीला पोरगी कायम झाली. सोपानराव हार घिऊन आला. चार दगड ऐटीत चालला, चौथ्यावर थांबला.

"गोजाबाई, पुढं कसं यायचं?"

मी कमरेला पदर खोचून काठावर उभी. पाठ ठणकत हुती.

"भिजून, सायेब," म्हणलं.

हार डोक्यावर धरून त्यो पाण्यात उतरला.