तळ्यातला पळस

एप्रिलच्या उन्हात टेकडीवर फिरायले कोण जाते, सांगा बरं? आमच्या पुसदात त्या महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंबी दिसत नाही. पण आमच्या घरची सहल ठरली ते एप्रिलातच, अन् ठरवली कोणं? तं माझ्या सासूबाईनं, मानीबाईनं. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, पण हट्ट असा का लहान पोट्टे मागं पडावे.

"लेकराइले पाणीच पाह्यचं हाय ना? मंग आपल्या जुन्या तांड्याच्या टेकडीवर चला. तिथं तळं हाय," त्या म्हणल्या.

माझा नवरा गुलाबसिंग शाळेच्या पोरांचा ऑटो चालवते. परीक्षा संपली का पोहायच्या टाक्यावर नेतो, असं त्यानं आमच्या उर्वशीले अन् कपिलले कबूल केलतं.  त्या टेकडीचं नाव आमच्या घरात निघत नसे. माझे सासरे धावजी, त्या रस्त्यानं गाडी चालली तरी दुसरीकडं तोंड करून बसत. मागच्या दिवाळीत ते गेले.

"याडी, उन्हाळ्यात टेकडीवर पाणी राह्यते काय? पावसाळ्यात जाऊ ना," गुलाबसिंग आईले म्हणे.

"पावसाळ्यात तं डबक्यातबी पाणी राह्यते. मले एप्रिलातलंच पाह्यचं हाय."

झालं! मी म्हणलं जा बाप्पा, माझं काय जाते? अन् मंग पहाटे उठून भाकरी कोणं थापल्या? मीच. ठेचा, बेसन, कांदे, पाण्याचे दोन कॅन, सगळं मीच बांधलं. कपिल तं टाक्याचं रडगाणं गात ऑटोत बसला. उर्वशी सहावीत हाय, तिले रडायले वेळ नसते. तिचे प्रश्नच संपत नाहीत. ही टेकडी किती उंच, तळं कोणं केलं, तांडा खाली काहून अन् तळं वर काहून. घाटात ऑटो धापा टाकून राह्यला होता अन् इकडं ही. मी दोनदा ओरडली तिच्यावर.

तांड्यापाशी ऑटो लावला अन् पायवाटेनं चढाले लागलो. गुलाबसिंग पोट्ट्याइले घेऊन पुढं निघाला. मी सासूबाईसंगं मागं. सागाले एक पान नव्हतं, सावली कुठून भेटन? एका मोहाखाली त्या टेकल्या. मले वाटलं गुडघे दुखून राह्यले असतील. मी तोंड उघडणारच होती का, सांगितलं होतं ना मी, तेवढ्यात त्याईनं माझा हात धरला.

"मोनाली, पाणी नसन तं?"

"नसन तं नसन. भाकर खाऊ अन् घरी जाऊ. त्यात काय एवढं?"

"तसं नाही वं."

मंग त्याईनं सांगितलं. माझ्या लग्नाले चौदा वर्षं झाले, पण हे मले कोणीच सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षांमागं दुष्काळी कामावर ते तळं खोदलं. सासरे टोळीचे मुकादम, अन् सासूबाई डोक्यावर मातीची टोपली घेऊन. खोदताना मधात जुन्या जमिनीचा एक खुंट तसाच सोडतात. त्याच्या माथ्यापासून खालपर्यंत माप धरलं का समजते, काम किती खोल झालं. माप झालं का खुंट फोडून टाकतात. पण मापाच्या दिवशी साहेब म्हणला का या मुकादमानं खुंटावर माती चढवली, खोली खोटी दाखवली. या तळ्यात होळीनंतर थेंब राहणार नाही, म्हणे. आख्ख्या तांड्यासमोर बोलला. सासऱ्याची मुकादमी गेली. लोक त्याईले लबाड म्हणाले लागले. त्याईनं एवढंच केलं, खुंट फोडू दिला नाही. 'उभा राहू द्या. ज्याले मोजायचं त्यानं कधीबी येऊन मोजावं,' म्हणले. अन् बायको-लेकरू घेऊन पुसदले आले.

"मंग? मामंजीनं माती चढवली नव्हती ना?" मी विचारलं.

"तेच तं मले माहीत नाही," सासूबाई म्हणल्या. "गाव सोडायच्या आधी चार दिवस ते सकाळी एकटेच फावडं घेऊन वर गेलते. मले वाटलं, चढवलेली माती काढाले जाऊन राह्यले. मी विचारलं नाही. त्याईनं सांगितलं नाही. आता ते गेले. पाणी दिसलं तं समजन का माणूस खरा होता."

  मी त्याईले उठवलं, कमरेत हात घातला अन् म्हणलं, "चला, पाहू."

वर बांधावर पोचलो अन् कपिलची आरोळी आली, "दादीऽऽ, पाणी!"

माय वं, केवढं पाणी! शाळेच्या मैदानाएवढं तळं, कडेले चार म्हशी डुंबून राह्यल्या, अन् चाळीसच्या वर उन्हात वाऱ्यानं पाणी हलून राह्यलं. मधात मातीचा उंच खुंट, त्यावर जुना जाडजूड पळस. सासूबाई बांधावरच टेकल्या. मी त्याईले पाणी प्यायले दिलं तं त्याईनं पहिले ते डोळ्याले लावलं. गुलाबसिंग दुसरा कॅन आणाले परत खाली ऑटोकडं गेला.

बांधावर एक म्हातारे छत्री घेऊन बसलेले होते, खालच्या गावचे वामनराव. माणूस बोलका. त्याईनं कपिलले गोळी दिली अन् सांगाले लागले का आमच्या गावच्या साऱ्या विहिरी याच तळ्यावर जगतात, जूनपर्यंत पाणी आटत नाही.

"आबा, मधात झाड कसं आलं?" कपिलनं विचारलं.

"तो मापाचा खुंट हाय, बाबू. मी या कामावर हजेरी घ्यायचो ना! एक लबाड मुकादम होता. त्यानं त्यावर माती चढवली अन् तळं जास्त खोल दाखवलं."

माझं डोकंच सणकलं. पायातली चप्पल हातात यायची बाकी होती. पण सासूबाईनं माझा पदर ओढून मले खाली बसवलं. अन् आमची उर्वशी, जिच्या प्रश्नानं सकाळपासून माझे कान किटले होते, ते पुढं झाली.

"आबा, झाड तेव्हा होतं?"

"होतं ना. याहून बारीक होतं. पहिल्या दिवसापासून मी माझा जेवणाचा डबा त्याच्याच फांदीले अडकवायचो."

"मंग माती कुठं चढवली? झाडाच्या बुडाले माती चढवली असती तं खोड गाडलं गेलं असतं ना? बूड तं उघडंच हाय. अन् झाडाखाली चढवाची तं झाड उपटा लागते. त्याच्या मुळ्या तं खुंटात पार खालपर्यंत दिसून राह्यल्या."

 वामनरावांनी पळसाकडं पाह्यलं, पोरीकडं पाह्यलं, परत पळसाकडं पाह्यलं. छत्री मिटली.

"चौतीस वर्षं मी रोज इथं येतो," ते हळूच म्हणले. "हे माझ्या ध्यानात काहून नाही आलं? साहेब बोलला अन् मी मान हलवली. बस, मान हलवली."

माझी पोरगी हाय ते! माझी! घरी तिले मी किती बोलते, पण त्या वेळी मले वाटलं तिले उचलून साऱ्या पुसदात फिरवावं.

सासूबाईचं मात्र तिकडं ध्यान नव्हतं. खुंट पाण्यात शिरतो तिथं त्या पाहून राह्यल्या होत्या. पाणी थोडं उतरलं होतं म्हणून तिथं चौफेर लावलेल्या काळ्या दगडाच्या वरच्या ओळी उघड्या पडल्या होत्या.

"ते दगड कोणं लावले?" त्याईनं विचारलं.

"कोणास ठाऊक. कामात तं ते नव्हते," वामनराव म्हणले. "पण ते होते म्हणून खुंट टिकला. नाहीतर पहिल्या दोन पावसातच बसला असता."

"लांब दगड आत घातलेला, सांध्यात दगडाची चिप ठोकलेली," सासूबाई म्हणल्या. "आपल्या घरचा ओटाबी त्याईनं असाच रचला. हा त्याईचाच हात. चार दिवस हेच करत होते. माती काढत नव्हते, मोनाली. खुंट राखून ठेवत होते." अन् त्या रडल्या, पण मान ताठ होती.

वामनराव उभे राह्यले. "बाई, तुम्ही कोण?"

"मी मानीबाई. धावजी राठोडाची. हे त्याचे नातू."

त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाह्यला अन् मले माझ्या चपलीची लाज वाटली. त्याईनं दोन्ही हात जोडले. मंग पोट्ट्याइकडं वळून म्हणले, "धावजी राठोडानं हे काम खरं केलं. लबाड आम्ही होतो."

"मोठ्यानं बोला," सासूबाई म्हणल्या. "मले कमी ऐकू येते."

साफ खोटं! शेजारच्या घरातला कुकर किती शिट्ट्या देते, हेबी त्याईले बसल्या जागी समजते. वामनराव मोठ्यानं बोलले. पलीकडं म्हशी राखणारा वळून पाहाले लागला.

"अजून मोठ्यानं."

"बाई, आता कोणाले ऐकवू?"

"तेव्हा आख्ख्या तांड्यासमोर बोलले होते ना?" सासूबाईनं बोट दाखवलं. "तांडा खाली हाय."

वामनरावांनी छत्री माझ्या हातात दिली. बांधाच्या टोकावर गेले, तांड्याकडं तोंड केलं, दोन्ही हात तोंडाशी धरले अन् छाती भरून ओरडले.