डाव्या सीटवरचा भार

मित्रांनो, मी एक जुनी रॅलीक्रॉसची गाडी आहे. थोडं डांबर, थोडी माती अशा गोल मैदानावर शर्यत पळायची, हे माझं काम. सध्या मी वाघोलीच्या एका भंगारवाल्याच्या आवारात उभी आहे, जराशी डावीकडे कलून.

खडकीच्या विश्वजीतने आणि त्याच्या धाकट्या बहिणीने, आम्रपालीने, मला पत्र्याच्या शेडमध्ये घडवलं. तेव्हा माझं इंजिन लहान होतं. सरळ रस्त्यावर थोराड गाड्या मला मागे टाकायच्या, पण मातीतल्या वळणावर मी अशी सुळकन आत शिरायचे की लोक शिट्ट्या मारायचे. फार तोरा होता मला.

विश्वजीतला मात्र वेगाची हाव सुटली. त्याने मोठं इंजिन बसवलं. आमच्या खेळात इंजिन मोठं, तर गाडीचं वजनही जास्त भरावं लागतं. म्हणून माझ्या तळाला शिशाच्या लाद्या ठोकल्या. मी सुसाट झाले खरी, पण नाक जड झालं आणि वळता वळेना. एका सकाळी सरावाला निघताना तो म्हणाला, "येतो गं." आपल्याकडे निघताना 'जातो' कुणी म्हणत नाही. "ये हं, दादा," आम्रपाली म्हणाली. त्या दिवशी मी वळलेच नाही. भिंतीवर आदळले आणि विश्वजीत गेला.

आम्रपालीने मला उभं केलं. लहान इंजिन परत बसवलं, लाद्या काढून टाकल्या. तिच्या आईने, सरोजिनीबाईंनी, बजावलं, "ही एकच शर्यत. हरलीस तर गाडी भंगारात."

शर्यतीआधी चालकासकट वजन होतं. काट्यावरच्या कोंडीरामांनी आकडा दोनदा पाहिला.

"अहो मॅडम, आम्ही ड्रायव्हरसकट वजन करतो, वऱ्हाडासकट नाही. पाहुण्यांना उतरवा."

डावी सीट रिकामी होती. पण तिची उशी खाली दबलेली होती आणि पट्टा लावलेला होता. मला शेडमध्येच कळलं होतं. येतो म्हणाला होता, तो आला होता.

आम्रपाली पांढरीफटक पडली. मग तिने उशीवर हात ठेवला. "दादा, एवढ्या भाराने आपण हरू रे. उतर ना. निरोप घेऊया आपण." ती हुंदके देत होती. आणि शेवटी, जन्माच्या सवयीने, तिच्या तोंडून निघालं, "ये हं."

उशी आणखी दबली. मित्रांनो, त्याने शब्द ऐकला आणि तो ठाण मांडून बसला.

लहान इंजिन आणि दोघांचा भार. सरळ रस्त्यावर मला धाप लागली, वळणांवर माझी चाकं फरफटली. आम्ही शेवटचे आलो. सरोजिनीबाईंनी शब्द पाळला.

उद्या मला यंत्रात घालून चेपणार आहेत. माझं काय, पत्राच तो. पण पट्टा अजून लावलेला आहे. तुमच्यापैकी कुणी खडकीत राहत असेल, तर कृपा करून आम्रपालीला इथे घेऊन या. तिला सांगा, मन घट्ट कर आणि त्याला एकदाच 'जा' म्हण.