बाहेरची चिठ्ठी, नंबर २१७

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिव्याचा नव्हे बरं का! एका बिनखिडकीच्या गार खोलीत, लोखंडी कपाटात मी चौदा वर्षं बसून आहे. गावभरचे फोन आणि निरोप माझ्यातून जातात.

प्रत्येक गिऱ्हाईक आपल्या निरोपावर नंबराची एक चिठ्ठी लावून पाठवतं. गंमत अशी, की जो तो दहा हाच नंबर लावतो. मग कोणाचा दहा कोणता, हे कसं कळावं? म्हणून मी वरून आणखी एक चिठ्ठी चिकटवतो. ही बाहेरची चिठ्ठी प्रत्येकाची वेगळी. पलीकडच्या टोकाला माझा जोडीदार ती सोलून काढतो आणि आतली जशीच्या तशी हवाली करतो. म्हणून शेकडो गिऱ्हाइकं एकाच तारेतून जातात, पण एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत.

हे नंबर ठरवायचे पेन्सिलकाका. माझ्या दारावरच्या कागदावर ते सगळं पेन्सिलीने लिहीत, म्हणून हे नाव. "हा गडी कधी दगा देत नाही," म्हणत ते माझी धूळ पुसत. मला फार बरं वाटे.

२१७ ही चिठ्ठी सुताच्या कारखान्याची. तिथला म्हातारा राखणदार रोज संध्याकाळी सहाला कारखान्याच्याच दूरच्या गोदामावरच्या थोरल्या भावाला फोन करी. तोही राखणदारच. पुढे थोरला वारला, गोदाम पाडलं, कारखान्याला टाळं लागलं. काका तार काढायला गेले आणि हात हलवत परत आले.

"सहा वाजले की अजून फोन लावून बसतो बिचारा. राहू दे," एवढंच ते म्हणाले. कागदावर मात्र २१७ समोर त्यांनी लिहिलं, बंद.

त्यानंतर दोन वर्षं मी रोज सहाला ती हाक घेतली, तिच्यावर २१७ चिकटवलं आणि जिथे कोणीच नव्हतं तिथे पाठवली. मित्रांनो, मला सहा वाजण्याची भीती वाटू लागली होती.

काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी ताई आली. हुशार, पण सदा घाईत. नव्या प्रसूतिगृहाला नंबर हवा होता, कागदावर 'बंद' दिसलं, तिने २१७ देऊन टाकला. मला ओरडता आलं नाही. दोघांची आतली चिठ्ठी दहाच. त्यात आतल्या आत लावायच्या फोनांपैकी राखणदाराचा फोन दोन नंबरचा, आणि प्रसूतिगृहाच्या वर राहणाऱ्या डॉक्टरांचाही दोनच. आता त्यांना वेगळं ठेवणारं काहीच उरलं नव्हतं.

आठव्या दिवशी सहाला, राखणदाराने उचलण्याआधीच, त्याचा फोन वाजला.

"दादा?"

"डॉक्टर, लवकर खाली या! बाळाचे ठोके मंदावलेत!" नर्स बोलत होती.

"बाई, मी... मी कारखान्याचा राखणदार."

तिने फोन आपटला, पुन्हा लावला. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा मात्र म्हातारा ओरडला, "फोनच्या नादी लागू नका! कोणाला तरी पळत पाठवा!"

आया जिन्याने धावली. डॉक्टर आले, पण तोवर नऊ मिनिटं गेली होती.

दुसऱ्या दिवशी ताई कारखान्यावर जाऊन आली. काकांना तिने बोलावून घेतलं होतं. माझ्यासमोरच ती त्यांना सांगू लागली.

"मला वाटलं, तार काढू नका म्हणून गयावया करतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, 'बाळ रडलं का हो?' मी म्हटलं, 'उशिरा, पण रडलं.' मग त्यांनीच तार उपटून माझ्या हातात दिली."

काकांनी कागदावरच्या 'बंद'वर बोट ठेवलं. "चूक माझी, पोरी. लिहिलं बंद, आणि ठेवलं चालू."

आता २१७ एकट्या प्रसूतिगृहाचा आहे. सहा वाजतात, पण माझ्या अंगावरचा कारखान्याच्या तारेचा इवलासा दिवा लागत नाही. ज्या हाकेला मी भीत होतो, तिचीच मी आता वाट बघतो.

मित्रांनो, कोणावर दया केलीत तर ती लपवू नका, कागदावर लिहून ठेवा. आणि कोणाची जागा दुसऱ्याला देण्याआधी जरा कान लावून बघा. तिथून अजून कोणी हाक मारत असेल.