काजवा बिघडतो

नायकाची मूठ हनुवटीच्या चार बोटं अलीकडे थांबायची ठरली होती. ती थांबली नाही. काजव्याचं डोकं मागे फेकलं गेलं, ओठ दातांत सापडला आणि तोंडात कोमट, खारट चव पसरली. तरीही त्याने पुढची ओळ चुकवली नाही.

"अरे, मी आहे! ओळख मला!"

कथेत शत्रूने नायकावर भूल घातली होती आणि तो आपल्याच जिवलग मित्राला बडवत होता. दुसरा ठोसा बरगडीत बसला, तिसरा पोटात. काजवा गुडघ्यांवर आला तेव्हा कुठे दिग्दर्शक ओरडला, "कट! वा! एकदम खरं वाटलं!"

"खरंच होतं," काजवा म्हणाला आणि हसला. सगळे हसले. नायकही हसला, त्याच्या पाठीवर थाप मारून आपल्या गाडीकडे निघून गेला.

सावल्या तेवढा हसला नाही. उंचावरून पडायचं किंवा आगीतून धावायचं असलं की नायकाचा निळा मुखवटा चढवून तोच उभा राहायचा, म्हणून त्याचं नाव सावल्या पडलं होतं. पडावं कसं आणि मारल्यासारखं दाखवावं कसं, हे तो आणि काजवा एकाच तालमीत शिकले होते. पुढे काजव्याचा चेहरा पडद्यावर आला आणि सावल्याचा मुखवट्याआड राहिला, एवढाच काय तो फरक. तो ओला फडका घेऊन आला आणि काजव्याची हनुवटी वर करून ओठ बघू लागला.

"तो मुद्दाम मारतो."

"हात सुटतो रे त्याचा."

"सहा वर्षं सुटतोय? माझा कसा नाही सुटत कधी?"

काजव्याने फडका तोंडाला लावला. या सहा वर्षांत त्याचा एक दात गेला होता, बरगड्यांना तडे गेले होते आणि डाव्या कानात अधूनमधून शिट्टी वाजायची. पण लोकांचा जीव होता त्याच्यावर. मालिकेत त्याच्या तळहातातून उजेड पडायचा, म्हणून तो काजवा. रस्त्यात माणसं त्याला थांबवून तळहात दाखवायला सांगायची, आणि तो दाखवायचा.

त्याच आठवड्यात लेखिका त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन बसली.

"या वेळी तू बिघडणार आहेस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नायकाचा शत्रू होणार आहेस. पण एकदम नाही. एकदम बिघडलास तर लोक तुला सोडून देतील. प्रत्येक भागात थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी तुझ्याकडे चांगलं कारण असेल. लोक शेवटपर्यंत तुझीच बाजू घेत बसतील. मग त्यांची त्यांनाच लाज वाटेल."

"आणि त्याला मी मारायचं?"

"बडवायचं. मनसोक्त." तिने त्याच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. "फार तयारी करावी लागेल असं वाटत नाही मला."

घरी आईने हे ऐकून हात झटकला. ती मालिकेची कट्टर चाहती होती, मात्र मारामारी सुरू झाली की उठून स्वयंपाकघरात जायची आणि तिथूनच "संपलं का?" म्हणून विचारायची. "तुला कोण वाईट मानणार?" ती म्हणाली. "तुझा चेहराच तसा नाही."

"चेहऱ्याचं काय, मावशी," जेवायला बसलेला सावल्या भरल्या तोंडाने म्हणाला, "रंग फासून देतात."

काजव्याने नायकाला मारलेला पहिला ठोसा चुकून लागला. निदान लागेपर्यंत तरी तो चुकूनच होता. नायक अर्धं पाऊल जास्त पुढे आला आणि काजव्याची बोटं त्याच्या गालाच्या हाडावर आदळली. माफी मागायला काजव्याने तोंड उघडलं, तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, "थांबू नका, चालू ठेवा!" त्याने चालू ठेवलं. पुढचा ठोसा चुकून नव्हता. खांद्यापासून मनगटापर्यंत काहीतरी गच्च बांधलेलं होतं ते सैल झालं, आणि ते इतकं बरं वाटलं की त्याने आणखी एक मारला.

शॉट संपल्यावर नायकाने जमिनीवर थुंकून पाहिलं, लाल होतं. मग त्याने काजव्याच्या गळ्यात हात टाकला.

"आली एकदाची अंगात धमक! चल, चहा घेऊ."

नायकाच्या गाडीत काजवा त्या दिवशी पहिल्यांदा बसला. आत थंड होतं आणि गाद्या मऊ होत्या. नायकाने बर्फाची पिशवी आधी त्याच्या बोटांवर ठेवली, मग आपल्या गालावर. "लोकांना वास येतो रे," तो म्हणाला. "खोटं मारलं की त्यांना कळतं. आपण दोघंच या सेटवर खरं काम करतो."

आपण दोघं. काजव्याने ते दोन शब्द पुन्हा पुन्हा मनात घोळवले.

त्यानंतर त्याची खुर्ची नायकाच्या खुर्चीशेजारी आली. तो चालू लागला की लोक वाट देऊ लागले. सकाळी सावल्याबरोबर गादीवर सराव करणं त्याने हळूहळू सोडलं. आधी उशीर होतो म्हणून, मग अंग दुखतं म्हणून. एका भागात त्याला पहारेकऱ्याच्या गळ्यात हात अडकवून त्याला भिंतीवर ढकलायचं होतं. पहारेकरी रोजावर आलेला सडपातळ माणूस होता. भिंतीवर आदळला तेव्हा त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. मारामारी बसवणाऱ्या मास्टरांनी काजव्याला बाजूला घेतलं. "जरा बेतानं," एवढंच म्हणाले, आणि दुसरा पहारेकरी उभा केला.

सावल्या त्या मोडलेल्या माणसाला दवाखान्यात घेऊन गेला. परत आला तो सरळ काजव्याच्या खुर्चीपाशी.

"तू बघायला तरी यायचंस."

"अपघात होता."

"मी कुठे नाही म्हणालो?" सावल्या म्हणाला. "बघायला यायचंस, एवढंच म्हणतोय."

नायकाने फोनमधून डोकं वर काढलं आणि काजव्याकडे बघून भुवई उडवली. काजव्याला हसू आलं. आपण हसलो हे सावल्याने पाहिलं, हेही त्याच्या लक्षात आलं.

मग एका झटापटीत काजव्याने नायकाचा हात इतका पिरगाळला की खांदा उतरला. नायक विव्हळला, त्याने शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून मिरवत सेटवर येऊन बसला. आता गोदामातली मोठी मारामारी मुखवटा लावून सावल्याच करणार होता.

लोखंडी जिन्याच्या माथ्यावर दोघं समोरासमोर उभे राहिले. मास्टरांनी पुन्हा एकदा समजावलं: पहिले दोन ठोसे हवेत, तिसऱ्याला सावल्या वाकणार, मूठ डोक्यावरून जाणार, मग तो जिन्यावरून गडगडत खाली येणार. मुखवटा ओढण्याआधी सावल्या मोठ्याने म्हणाला, "आणि हात आवर. मुखवटा त्याचा असला तरी मी तो नाही."

खाली उभा असलेला दिवेवाला फिसकन हसला. आणखी दोघंतिघं हसले. आपल्या खुर्चीत नायकही हसला. काजव्याचे कान तापले. समोर आता फक्त निळा मुखवटा होता, आणि त्याला डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं होती.

पहिला ठोसा हवेत गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला सावल्या नेमक्या क्षणी वाकला. काजव्याने ते पाहिलं. पाहिलं, आणि मूठ खाली आणली.

मुखवट्याच्या आत वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. सावल्याचे दोन्ही हात आपोआप तोंडाकडे गेले. काजव्याने ते हात बाजूला सारून पुन्हा मारलं. मग गुडघा वर आणला. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मुखवट्याखालून घोगरा, ओला आवाज आला; ते त्याचं नाव असावं, साऱ्यांच्या तोंडचं काजवा नव्हे, तर तालमीतलं जुनं, फक्त सावल्याच्या तोंडी उरलेलं. ते ऐकून त्याने सावल्याला छातीवर लाथ घातली.

सावल्या जिन्यावरून गेला. ठरल्यासारखा गडगडला नाही, पोतं टाकावं तसा गेला. शेवटच्या पायरीवर त्याचं डोकं आपटलं, तरी कॅमेरा काही क्षण चालूच होता.

"कट," दिग्दर्शक अगदी हळू म्हणाला.

मास्टरांनी मुखवटा काढला तेव्हा आतून रक्ताबरोबर दात आले. जबडा एका बाजूला सरकला होता, जणू सावल्या कुणाला तरी वेडावून दाखवत होता. त्याचे डोळे उघडे होते आणि ते जिन्याच्या वर बघत होते.

त्याला गाडीत घालून नेल्यावर मास्टर वर आले.

"काय झालं?"

काजवा आपल्या बोटांकडे बघत होता. ती फुटली होती. "उशिरा वाकला तो," तो म्हणाला.

"हो, उशिरा वाकला," नायक खालून म्हणाला. "मी इथूनच बघत होतो."

मास्टर मॉनिटरपाशी गेले. त्यांनी तो शॉट पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. दिग्दर्शक त्यांच्या खांद्यावरून बघत होता, त्याच्या मागे लेखिका. मग मास्टरांनी पडदा बंद केला.

"उशिरा वाकला," ते म्हणाले. "होतं असं कधीकधी."

लेखिकेने जाता जाता विचारलं, "हा शॉट ठेवायचा ना?"

"वेडी आहेस का?" दिग्दर्शक म्हणाला. "असा परत मिळेल?"

सावल्याचा जबडा तारांनी बांधला. महिनाभर तरी बोलणं नाही, चावणं नाही. त्याचं जवळचं असं कुणी नव्हतं, तेव्हा काजव्याची आईच रोज डब्यात गाळलेलं सूप घेऊन दवाखान्यात जायची आणि नळीने पाजायची. काजवाही दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा सावल्या झोपलेला होता. काजव्याने पलंगाच्या पायथ्याशी थोडा वेळ उभं राहून घेतलं आणि सुटल्यासारखा परत आला.

तो भाग दाखवला गेला त्या संध्याकाळी आई टीव्हीसमोर बसली होती, भरलेला डबा मांडीवर घेऊन. गोदाम आलं, जिना आला, संगीत वाढलं. काजवा तिच्या उठण्याची वाट बघत होता. ती उठली नाही.

"आई, मारामारी आहे."

"दिसतंय मला."

ती बघत राहिली. जिन्यावरून निळा मुखवटा खाली आला आणि ती दचकली, पण तिने नजर काढली नाही. जाहिराती लागल्या.

"मागे घे."

"कशाला उगाच?"

"घे मागे."

त्याने घेतलं. पुन्हा पहिला ठोसा, दुसरा, आणि खाली वाकणारा तो निळा माथा. आईने हात वर केला, तसं त्याने चित्र थांबवलं. पडद्यावर सावल्या पुरता वाकलेला होता आणि काजव्याची मूठ अजून वरच, त्याच्या स्वतःच्या कानाशी होती. त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. आई त्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

मग तिने डब्याचं झाकण घट्ट बसतंय का ते पाहिलं, पायांत चपला सरकवल्या.

"थांब, मी सोडतो तुला," काजवा म्हणाला.

"नको. तू आलास की तो झोपेचं सोंग घेतो." ती दाराची कडी काढत होती. "मला आपलं वाटायचं, औषधांनी डोळा लागत असेल."

ती जिना उतरू लागली. काजवा मागोमाग गेला. रस्त्यावर त्याने डब्याला हात घातला, तर तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. कोपऱ्यावर एका माणसाने त्याला ओळखलं. "काय तुडवलंत हो आज त्याला!" असं म्हणत त्याने टाळीसाठी हात पुढे केला. काजवा तिथून नुसता निघाला. आई बरीच पुढे गेली होती.

दवाखान्यात सावल्या उशीला टेकून बसला होता. दारात आधी आई दिसली तसे त्याचे डोळे हसले. मागून काजवा आला आणि ते मिटले.

आईने खुर्ची ओढली, सूप कपात ओतलं आणि नळी बुडवली. काजवा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघत होता, त्याचा चेहरा ओळखायच्या बेतात.

"तू वेळेवर वाकला होतास," काजवा म्हणाला. मग त्याने पुन्हा म्हटलं, "वेळेवर वाकला होतास. मी बघून मारलं."

सावल्याने डोळे उघडले. काजव्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही. मावशीने हे ऐकलं का, ते तो तिच्या चेहऱ्यावर शोधत होता.

"पी," ती म्हणाली. "निवेल."

नळी तारांच्या फटीतून आत गेली. सावल्या सावकाश पिऊ लागला. तिथे खुर्ची एकच होती. काजव्याला कुणी बस म्हणालं नाही, की जा म्हणालं नाही. तो उभा राहिला.