दुसऱ्या अंकातलं वाक्य

मराठी मंडळानं शंभर वर्षांपूर्वीचा एक गाजलेला फार्स बसवला होता आणि वसुमतीबाई नात सुप्रीताला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बसणारच! बेंगळुरूत तीनशे वर्षं मुरलेलं त्यांचं घराणं. नाटक बसवणारा तनय पुण्याहून परवापरवा सर्जापूर रोडला आलेला. पण महिनाभर दर रविवारी तो राजाजीनगरला बाईंच्या घरी येऊन त्यांचं बोलणं फोनवर टिपून घेत होता. "आजी, तुमची जुनी मराठी किती गोड! नाटकात वापरू?" बाईंनी हरखून हो म्हटलं होतं, वर चिरोटे खाऊ घातले होते.

दुसऱ्या अंकात ती मराठी अवतरली. मूळ नाटकातल्या बावळट नवरदेवाला तनयनं बेंगळुरूचा करून टाकलं होतं आणि भूमिकाही स्वतःच करत होता. 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' म्हटलं की हशा, 'बरं'च्या जागी 'सरी' म्हटलं की हशा. शहाण्या पात्रांच्या तोंडी मात्र त्यातला एक शब्द नव्हता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी सुप्रीता पोट धरून हसत होती.

मग नवरदेव धोतर सावरत नायिकेला म्हणाला, "तू सुम्ने बैस. मी आहे की!" आणि धपकन आपटला.

हे वाक्य बाईंच्या यजमानांचं, नरसिंहरावांचं होतं. बाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा ते उशाशी बसून भात भरवत आणि बाईंची उठायची धडपड पाहून, उगी राहा अशा अर्थानं, हेच म्हणत. त्याच वर्षी ते गेले. हे बाईंनी सांगितलं तेव्हा या मेल्यानं किती गंभीरपणे मान हलवली होती! वन्स मोअर मिळाला. तो पुन्हा म्हणाला, पुन्हा आपटला.

प्रयोगानंतर ज्येष्ठ सभासदाच्या हस्ते दिग्दर्शकाला शाल आणि नारळ देणं ही मंडळाची रीत; यंदा तो मान बाईंचा. बाई रंगमंचावर गेल्या तसा तनयनं माइक पुढे केला.

"आजी, ते वाक्य तुमच्या तोंडून ऐकू दे ना सगळ्यांना!"

"ते तुम्हाला हसायला सांगितलं नव्हतं की," बाई म्हणाल्या. "माझ्या यजमानांचं बोलणं आहे ते."

त्यांचा हेल ऐकून लोक पुन्हा हसले. हसू ओसरेपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मग शाल घडीसकट टेबलावर ठेवून त्या पायऱ्यांकडे वळल्या.

सुप्रीता धावत आली. तिचं तोंड उतरलं होतं. "आज्जी, सावकाश. हात दे."

"तू पण हसलीस की," बाई म्हणाल्या आणि कठडा धरून एकट्याच उतरल्या.